वाकलेली चॅसी

पिल्लू दुपारी दोनला झोपायचं आणि सव्वातीनला उठायचं. ह्या सव्वा तासात करायच्या कामांची यादी तिने केली असती, तर ती वाचून होईपर्यंतच सव्वातीन वाजले असते. म्हणून तिने यादी करणं कधीच सोडलं होतं, आणि त्या दिवशी तर कामंही सोडली. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तेव्हा सून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, एक डोळा मिटून, चिमट्यात काहीतरी धरून बसली होती.

"काय गं, काटा गेला का हातात?"

"नाही आई. रेडिएटर बसवतेय."

सासूबाईंनी चष्मा लावला. पस्तीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढली होती. उघड्या पोटांकडे बघताना त्यांची पापणी कधी लवली नव्हती. पण टेबलावर पसरलेले प्लॅस्टिकचे एकशे अठरा तुकडे बघून त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"बाळाला आणलंस हे? गिळेल की गं एखादा!"

"बाळाला नाही. मला आणलंय."

"तुला." सासूबाईंनी हा शब्द जरा वेळ तोंडात घोळवला. सुनेने स्वतःसाठी काही आणल्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि आणलं तेही हे. मग त्या जवळ आल्या आणि तिचं बोट सरकवून म्हणाल्या, "चिमटा असा मुठीत नाही धरायचा. पेनासारखा धर. हां. आता श्वास सोड आणि मग ठेव."

रेडिएटर बसला.

झालं होतं असं, की ती गेली होती पिल्लासाठी दोन कानांचा पेला आणायला. शेजारच्या दुकानाच्या काचेत एक खोका दिसला. खोक्यावर एका जुन्या पिकअपचं चित्र होतं. गोल दिवे, पुढे काढलेलं बोनेट, फळ्यांचा हौदा आणि रंग बाटलीसारखा हिरवा. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं मॉडेल, आपलं आपण जोडायचं. ती काचेला नाक लावून उभी राहिली. मागून येणाऱ्या बाईने दोनदा "सरका हो जरा" म्हटलं, तरी सरकली नाही. कारण ती गाडी बाबांची होती.

म्हणजे तशीच होती. बाबांची गाडी मोडीत जाऊन बारा वर्षं झाली. त्या गाडीतून बाबा काचा पोचवायचे. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाव्यांचे आरसे. हौद्यात लाकडी घोडी असायची, तिला दोन्ही बाजूंनी काचा टेकवलेल्या आणि मध्ये जुनी गोधडी. आयुष्यभर बाबांनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. सायकलवाले त्यांना ओलांडून जायचे आणि जाताना हौद्यातल्या आरशात बघून भांग सारखा करायचे. सुट्टीच्या दिवशी बाबांच्या शेजारच्या सीटवर ती उलटी, गुडघ्यांवर बसलेली असायची. मागच्या खिडकीतून काचांवर नजर ठेवायची, हे तिचं काम.

खोका घरी आला. दोन कानांचा पेला राहिलाच.

चौदाव्या पायरीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. चौदाव्या पायरीला पुढचा एक्सल आला. सूचनांच्या कागदावरच्या चित्रात एक्सल, स्प्रिंगच्या पट्ट्यांचे पाटे आणि दोन बाण होते. बाण दोन्हीकडे दाखवत होते. पाटे एक्सलच्या वर की खाली? तिने कागद उलटा धरून पाहिला, मग स्वतः वाकडी होऊन पाहिलं. प्लॅस्टिकचा हा गोंद साधा नसतो, तो दोन्ही तुकडे किंचित वितळवून एकजीव करतो. एकदा चुकलं की चुकलंच. घड्याळात अडीच वाजले होते. तिने बाबांना फोन लावला.

आता बाबांना फोन लावणं ही काही साधी गोष्ट नव्हती. आई होती तेव्हा बाबा फोन उचलायचे आणि म्हणायचे, "हं, थांब, आईला देतो." एवढंच त्यांचं फोनवरचं बोलणं. आईला जाऊन तीन वर्षं झाली. बाबा आता दादाकडे राहत होते, बसने पाच तासांवर. पण अजूनही फोन उचलला की त्यांच्या तोंडून "हं, थांब" निघून जायचं, आणि मग दोघंही थांबायची. जरा वेळाने एक जण म्हणायचं, "जेवलीस का?" दुसरं म्हणायचं, "जेवले. तुम्ही?" "जेवलो." "बरं मग." "बरं." तिने एकदा फोनमध्ये बघितलं होतं. पूर्ण बोलणं बावन्न सेकंदांचं, त्यातले वीस थांबण्यात गेलेले.

"हं, थांब," बाबा म्हणाले.

ह्या वेळी ती थांबली नाही. "बाबा, पिकअपचे पुढचे पाटे एक्सलच्या वर असतात की खाली?"

"कुणाच्या पिकअपचे?"

"आपल्या."

"आपला कुठाय आता?"

"होता तेव्हा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वर," बाबा म्हणाले. "एक्सल खाली, त्याच्यावर पाटे, आणि दोन्हींना आवळून धरणारे बोल्ट. का गं? कुणी विचारलं?"

तिने खोक्याबद्दल सांगितलं. बाबांना आधी ते पटेना. बोनेट उघडतं का? उघडतं. आत इंजिन आहे? आहे. सिलिंडर किती? तिने मोजले, सहा. बाबा म्हणाले, "मग बरोबर आहे," जणू काही त्यांच्या संमतीशिवाय कारखान्याने पाच घातले असते. आणि मग ते अचानक म्हणाले, "डावा पाटा तुटला होता तेव्हा तू होतीस ना गाडीत?"

"त्या चढावर? मोठी काच होती मागे."

"दुकानाची. आठ फुटी. तू हौद्यात चढलीस आणि दोन्ही हातांनी काचेला धरून बसलीस, आणि मी पहिल्या गिअरात गाडी रांगवत नेली गॅरेजपर्यंत. फिटर म्हणाला, ही पोरगी कोण? मी म्हटलं, माझा क्लीनर आहे."

तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. घरात तिला सगळे आता आई म्हणत. नवरासुद्धा पिल्लाच्या आवाजात "आई कुठे गेली, आई कुठे गेली" करत फिरे. क्लीनर म्हणून तिला वीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

पिल्लू उठून रडायला लागलं तेव्हा तिने फोन ठेवला. चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

मग हे रोजचंच झालं. दोन वाजता पिल्लू झोपायचं, दोन वाजून पाच मिनिटांनी फोन. गिअरबॉक्सच्या दिवशी बाबांनी क्लच कसा दाबायचा ते सांगितलं, जे चोविसाव्या हिश्शाच्या क्लचला अजिबात लागू नव्हतं. हौदा बंद करणाऱ्या मागच्या फाळक्याच्या दिवशी ते आईबद्दल बोलले. आई म्हणे लग्न होऊन पहिल्यांदा घरी आली ती ह्याच गाडीतून, आणि फाळक्याची कडी नीट लागत नाही म्हणून रस्ताभर मागे वळून बघत होती. "मी म्हटलं, मागे काही नाही, रिकामा आहे हौदा. तर म्हणाली, माझी ट्रंक आहे." बाबा हसले. मग दोघंही गप्प झाली, पण हे गप्प होणं वेगळं होतं.

एकविसाव्या दिवशी गाडी पूर्ण झाली.

तिने शेवटचा दिवा बसवला, बोनेट लावलं, आणि हनुवटी टेबलाला टेकवून समोरून पाहिलं. हिरवी, गोल डोळ्यांची, जराशी विचारात पडलेली गाडी. तिचे हात गोंदाने खरखरीत झाले होते. ह्या वर्षात तिने सुरू करून संपवलेली ही पहिली गोष्ट. तेवढ्यात फोन वाजला. आज तिने लावायच्या आत बाबांनीच लावला होता.

"काय मग?" बाबांचा आवाज उत्सुकतेने पोराटोरासारखा झाला होता. "बसलं का बोनेट?"

तिने गाडीकडे पाहिलं. बोनेट असं बसलं होतं की आत नखही गेलं नसतं. आता ती "हो" म्हणणार, बाबा "शाब्बास" म्हणणार. आणि उद्या? उद्या "जेवलीस का?"

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "बसतच नाहीये."

"बसत नाही?" बाबा आनंदाने म्हणाले. "असं कसं? थांब, बिजागरी बघ आधी."

तिने बिजागरी बघितली. म्हणजे छताकडे बघितलं आणि सांगितलं की बिजागरी ठीक दिसतेय. तिने गाडी कपाटात लंगोटांच्या गठ्ठ्यामागे लपवून ठेवली आणि पुढचे नऊ दिवस तिच्यात रोज एक नवा बिघाड काढला. दार घासायला लागलं. सायलेन्सर तोकडा पडला. मागचं उजवं चाक डुलायला लागलं. बाबा रोज रात्रभर विचार करून उत्तर आणायचे. "फिटरला विचारलं," ते सांगायचे. "फिटर म्हणतो, चाक डुलतंय म्हणजे ड्रम बघ." फिटरकाका म्हणजे बाबांचे गॅरेजवाले जुने मित्र. त्यांना ह्या वयात प्लॅस्टिकच्या ड्रमची काळजी करायला लावल्याबद्दल तिला वाईट वाटायचं, पण तेवढंच.

नवव्या दिवशी नवरा घरी होता. लंगोट काढायला म्हणून त्याने कपाट उघडलं आणि त्याच्या हातात एक अख्खी, चकचकीत, चारी चाकं सरळ असलेली गाडी आली. बाहेर बायको फोनवर सांगत होती, "नाही बाबा, चाक अजून डुलतंयच."

नवऱ्याचा धंदा वाहनांच्या विम्याचा. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या आणि खरं नुकसान किती, मागाहून हातोडी मारून केलेलं किती, हे लिहून द्यायचं. फोन संपेपर्यंत तो गाडी सगळ्या बाजूंनी फिरवून बघत राहिला.

"तू बाबांशी खोटं बोलतेस?"

"हो."

"फार वाईट बोलतेस. अगं, असा क्लेम आमच्याकडे आला तर मी पहिल्या ओळीत फेटाळीन. बोनेट बसत नाही, दार घासतंय, चाक डुलतंय, सायलेन्सर तोकडा. ह्यात काही मेळ आहे का? बाबांनी आयुष्य काढलंय गाडीत. त्यांना संशय येणार."

ती घाबरली. "मग काय सांगू?"

"हे सगळं एकाच कारणाने व्हायला हवं." तो डोळे मिटून, धंद्यातल्या माणसाच्या शांतपणाने म्हणाला, "चॅसी, म्हणजे गाडीचा कणाच, वाकलीय म्हणून सांग. सगळं जुळतं."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं.

बाबा हळूच म्हणाले, "कुठे वाकलीय?"

"मधोमध."

"किती?"

"म्हणजे... दिसते डोळ्यांना."

"हात लावू नकोस गाडीला," बाबा म्हणाले, आणि फोन बंद झाला.

पाच वाजता दादाचा फोन. "काय सांगितलंस तू बाबांना?"

"का रे? काय झालं?"

"उद्या सकाळच्या बसने निघतायत तुझ्याकडे! अगं, तीन वर्षांत हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेला नाही. वर्षभर मागे लागलोय, डोळे दाखवा, डोळे दाखवा. आत्ता स्वतः गेले आणि चष्मा घेऊन आले. म्हणे, बारीक काम आहे. माळ्यावरची हत्यारांची पिशवी काढलीय. त्यात जॅक आहे! जॅक कशाला लागतो तुला?"

दादाचा आवाज जरा खाली आला. "काही का असेना. आज पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली. जे काही बिघडलंय ना तुझ्याकडे, ते बाबा येईपर्यंत दुरुस्त करू नकोस म्हणजे झालं."

प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. संध्याकाळी नवरा आला तेव्हा टेबलाच्या मधोमध गाडी उभी होती आणि दोन्ही बाजूंना सासू-सून बसल्या होत्या. सासूबाईंना सगळं सांगून झालं होतं. त्या रागावतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी एकच विचारलं, "उद्या किती वाजता पोचतात?"

"अकरा."

"म्हणजे आज रात्रीच्या आत मोडली पाहिजे."

गाडी मोडेना. गोंदाने आपलं काम चोख केलं होतं. तिने दार ओढलं, ते उघडलं आणि बंद झालं, जसं दाराने करावं तसं. चाक पिळलं, ते गोल फिरलं. नवऱ्याने दोन बोटांनी बोनेट उचकटायचा प्रयत्न केला आणि त्याचं नख गेलं.

"पिल्लाला द्या," सासूबाई म्हणाल्या. "ज्याचं काम त्यानेच करावं."

हा सल्ला सगळ्यांना एकदम पटला. पिल्लाने गेल्या महिन्याभरात दोन चष्मे, एक रिमोट आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा निकालात काढला होता. त्याला जमिनीवर बसवून गाडी पुढ्यात ठेवली. तिघं श्वास रोखून उभी राहिली. पिल्लाने गाडीकडे पाहिलं. दोन्ही हातांनी अलगद उचलली. छातीशी धरली. मग तिच्या टपावर गाल टेकवून डोळे मिटले.

"हे बघ," नवरा म्हणाला, "हे आजच शहाणं व्हायचं होतं!"

शेवटी सासूबाईंनी पदर खोचला. टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला, दिवा जवळ ओढला, आणि हात पुढे करून म्हणाल्या, "पातं."

तिने पातं दिलं. सासूबाईंनी बोनेटच्या बिजागरीत ते असं सरकवलं की टच् असा आवाजसुद्धा झाला नाही. "चिमटा." चाक सुटलं. "पुसून घे." दार निघालं. अर्ध्या तासात गाडीचे सात भाग पंच्यावर ओळीने मांडले गेले.

"आई, हे चालणार नाही," नवरा खाली वाकून बघत म्हणाला. "हे फार स्वच्छ झालंय. आपोआप बिघडलेलं दिसलं पाहिजे. कडा एवढ्या सरळ राहतात का कधी?"

"मी पस्तीस वर्षांत वाकडी कड ठेवली नाही. आता ठेवणार नाही."

"मग निदान चॅसी तरी नीट वाकव. मधोमध सांगितलंय ना तिने? मधोमध म्हणजे जादा भार. खाली वाकायला हवी, वर नाही."

सासूबाईंनी पातेल्यात पाणी तापवलं. प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ होतं, हे त्यांना ठाऊक होतं. चॅसी चिमट्यात धरून त्यांनी पाण्यात सोडली, मोजून वीस आकडे म्हटले आणि बाहेर काढली. "वाकवा आता. लवकर."

नवरा पुढे झाला. "थांब," ती म्हणाली. "मी वाकवते."

एकवीस दुपारी तिने ह्याच तुकड्यावर घालवल्या होत्या. तिने तो ऊन ऊन तुकडा दोन अंगठ्यांमध्ये धरला आणि दाबला. तो विनातक्रार वाकला. सासूबाई दुसरीकडे बघू लागल्या. नवऱ्याने उगाचच पंचा झटकला. "उत्तम नुकसान आहे," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

सकाळी अकराला बाबा आले. बसमधून आधी पिशवी उतरली, मग बाबा उतरले. वाळले होते. इस्त्रीच्या शर्टात तसे दोन मावले असते. नवीन चष्म्यातून त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच बसच्या चाकाकडे पाहिलं.

"आलात?"

"आलो."

"प्रवास नीट झाला ना?"

"झाला."

रिक्षात दोघांच्या मध्ये पिशवी होती. घरी पोचेपर्यंत पिशवीतल्या पान्यांचंच काय ते बोलणं ऐकू येत होतं.

बाबा हात-पाय धुऊन टेबलाशी बसले. नवऱ्याने भाग मांडून ठेवले होते, सासूबाईंनी त्यांवर पातळ फडकं घातलं होतं. बाबांनी फडकं बाजूला केलं, एकेक तुकडा उचलून उजेडात धरला, खाली ठेवला. बोनेटची कड नखाने चाचपली. चॅसी डोळ्यांसमोर आडवी धरून एक डोळा मिटला. तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाबा "हं" म्हणाले आणि फडकं परत घातलं.

एवढंच. पिल्लू येऊन त्यांच्या चष्म्यावर झडप घालून गेलं, तेव्हाही ते नुसते हसले. सासूबाईंनी हवापाणी काढलं, नवऱ्याने रस्त्यांची अवस्था काढली, बाबांनी दोन्हींना मान डोलावली. तिने गिअरबॉक्सचं काढून पाहिलं. "हो ना," बाबा म्हणाले. सगळ्यांची जेवणं झाली. ताटं उचलताना बाबांनी तिच्याकडे वळून, काहीतरी बोलायलाच हवं अशा धडपडीने विचारलं, "जेवलीस का?"

ती त्यांच्या समोरच्याच खुर्चीवर बसून जेवली होती.

"जेवले," ती म्हणाली. "तुम्ही?"

"जेवलो."

"बरं."

स्वयंपाकघरात तिने नळ मोठा सोडला आणि तेच ते ताट चारदा धुतलं. तीस दिवसांत जमवलेलं सगळं पाच तासांच्या प्रवासात कुठेतरी सांडलं होतं. माणूस आला आणि त्याचा आवाज दादाकडेच राहिला. ह्यापेक्षा गाडी बनलीच नव्हती असं सांगून टाकलं असतं, चाकच डुलत ठेवलं असतं, तर निदान दोन वाजता फोन तरी आला असता.

दोन वाजले. पिल्लू तिच्या डाव्या हातावर डोकं ठेवून झोपलं. आता हात काढला तर उठणार, म्हणून ती आतल्या खोलीत तशीच आडवी पडून पंख्याकडे बघत राहिली. बाहेरच्या खोलीतून पान्यांची खुडबुड ऐकू येत होती. मग तीही थांबली. आणि उशीखाली फोन थरथरला.

पडद्यावर लिहिलं होतं: बाबा.

तिने मान उचलली. दार अर्धवट लोटलेलं होतं. तिने फोन कानाला लावला.

"हॅलो?"

"हं," बाबा म्हणाले. हा "हं" तिला दोनदा ऐकू आला. आधी दाराच्या फटीतून, मग फोनमधून. "झोपलं का पिल्लू?"

"आत्ताच. हातावर आहे."

"मग हलू नकोस." जरा थांबून ते म्हणाले, "गाडी बघितली."

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"बिघडलेली नाहीये ती. बिघडवलीय. बोनेट बसलं होतं, आणि असं बसलं होतं की मलाही जमलं नसतं. आणि चॅसी कुणीतरी गरम पाण्यात धरून वाकवलीय. फार सफाईदार हात आहे. विहीणबाई का?"

"उकळायचं काम त्यांचं," ती पुटपुटली. "वाकवली मी. बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"सायलेन्सर तोकडा पडतोय म्हणालीस तेव्हाच. सायलेन्सर कसा तोकडा पडेल? तो काय पायजमा आहे?"

तिला हसू आलं आणि पिल्लाचं डोकं हातावर हललं. तिने श्वास आवरला. "मग रोज फिटरकाकांना कशाला विचारत होतात?"

पलीकडे, म्हणजे भिंतीपलीकडे, खुर्ची करकरली. "फिटर नाहीच आहे," बाबा जरा ओशाळून म्हणाले. "महिना झाला, लेकीकडे गेलाय. मीच आपलं रात्री बसून काढायचो, दुसऱ्या दिवशी काय सांगायचं ते. तुझा बिघाड चटकन सुटला, तर पुढे काय बोलायचं, असं व्हायचं."

पंखा फिरत होता. तिच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, उजव्या कानाला फोन तापत होता.

"सगळं माहीत होतं, तर आलात कशाला मग?"

"चॅसी म्हणालीस ना," बाबा म्हणाले. "दुसरं काही असतं तर फोनवर भागलं असतं. चॅसी म्हटल्यावर माणसाला जावं लागतं."

"आणि आलात ते गप्पच बसलात. मगाशी समोर होते ना मी."

"समोर असलीस की दिसतेस."

"मग?"

"आईसारखी दिसायला लागलीयस," बाबा म्हणाले. "कपाळापाशी. मला एकदम सुचेना काही. गाडीत कसं, रस्त्याकडे बघायचं असायचं, बोलता यायचं." ते खाकरले. पान्याचा एकदा आवाज झाला. "बरं, ते राहू दे. आता नीट ऐक. चॅसी सरळ करायची ती घाईने करायची नाही. एका दमात सरळ केली तर मोडेल. रोज थोडी थोडी."

"रोज म्हणजे किती दिवस?"

"दुपारी दोन ते सव्वातीन एवढाच वेळ मिळणार ना आपल्याला? म्हणजे..." बाबा हिशोब करत होते असं दाखवत होते. "पंधरा दिवस धर. मग बोनेट. मग पुन्हा रंग."

"रंगाला वेळ लागतो, बाबा. तीन हात द्यावे लागतात."

"तीनात नाही भागायचं. चार."

दाराच्या फटीतून तिला टेबलाची कड दिसत होती, कडेवर बाबांचं कोपर, आणि त्यांच्यासमोर भिंत. बाबा भिंतीकडे बघत, हातातल्या वाकड्या चॅसीने एकेक मुद्दा मोजत बोलत होते. तेवढ्यात सासूबाई ट्रे घेऊन आल्या.

"व्याहीबुवा, चहा घेताय ना? का अजून आडवं व्हायचंय?"

बाबांनी फोनवर तळवा ठेवला आणि मान न वळवता, हलक्या आवाजात म्हणाले,

"पाच मिनिटं, विहीणबाई. मुलीचा फोन आहे."